पट्टा कोरडा राहिला तर

आषाढात पिठाची गिरण रडत चालते. कणकवलीत आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक गिरण आहे. परवा तिथे तांदूळ दळायला नेले, तर हवेत इतकी ओल होती की मोटरीवरचा पट्टा घसरायला लागला. जातं थांबलं आणि मोटर नुसतीच गरगरत राहिली. मग तो वास आला. जळक्या रबराचा, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. गिरणवाल्याने घाईघाईने बटण बंद केलं आणि मला म्हणाला, "वैनी, पाच मिनटां थांबा, पट्टो तापलो." मी थांबले. पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसले आणि पाच मिनिटांत पार तिकडे, मालवणकडच्या कट्टा गावाच्या पुढे, आमच्या गावच्या व्हाळाच्या काठावर जाऊन पोचले.

व्हाळ म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात कोंबड्या चरतात. पावसाळ्यात मात्र गावाचे दोन तुकडे करतो. अलीकडे रस्ता, चर्च, दुकान आणि माझ्या धाकट्या भावाचं, पेद्रूचं घर. पलीकडे काजूची बाग, तीन-चार घरं आणि त्यातल्या एका घरात आमचे पप्पा. प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई गेल्यावरही त्यांनी ते घर सोडलं नाही. दोन गायी, पडवळाचा मांडव, अंगणातला खुरीस म्हणजे क्रूस, आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर लावायची मेणबत्ती, एवढा त्यांचा संसार.

आधीच्या पावसाळ्यात व्हाळावरचा साकव, म्हणजे पायपूल, वाहून गेला होता. नवा मंजूर झाला होता, म्हणजे अजून झाला नव्हता. त्यात पप्पांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. औषधं कायमची आणि दर महिन्याला कणकवलीला तपासणी. मी कणकवलीच्या कॉलेजात नोकरीला. माझं म्हणणं सोपं होतं, पावसाळाभर त्यांनी माझ्याकडे यावं. पप्पांचं म्हणणं त्याहून सोपं होतं.

"माका न्हेतलंस खंय? तिसऱ्या माळ्यार? थंय माजा काय आसा?"

पेद्रू बरीच वर्षं बोटीवर होता, इंजिनाच्या खोलीत. तो कायमचा परत आला तेव्हा शिरोड्याच्या एका मित्राने किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचा धंदा बंद केला होता. त्याच्याकडची एक जुनी एटीव्ही पेद्रू घेऊन आला. चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं वर बसायची, लाल रंग उडालेली, सीटखाली अजून शिरोड्याची वाळू असलेली. उन्हाळ्यात तिने काजू वाहिले, शेण वाहिलं, गॅसचे सिलिंडर वाहिले. पेद्रू म्हणाला, साकव नसला म्हणून काय झालं, ही आहे ना.

पाऊस लागला आणि मी शनिवारची गावी गेले. पप्पांना तपासणीला न्यायचं होतं. पेद्रू त्यांना मागे बसवून पलीकडून निघाला. मी अलीकडच्या काठावर छत्री धरून उभी. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण लालभडक, तळ न दिसणारं. मधोमध आल्यावर इंजिनाचा आवाज एकदम चढला, आणि गाडी जागची हलेना. चाकं शांत आणि इंजिन बोंबलतंय. मग तो वास. पावसात, ओल्या पानांच्या आणि चिखलाच्या वासात तो इतका परका होता की मला आधी वाटलं, कुठे वीज पडली.

पप्पा उतरले. ऑपरेशन झालेला माणूस गुडघाभर पाण्यात धोतर सावरत चालत आला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. मोठ्याने बोलले एवढं खरं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "आंजू, ही गाडी बंद पडली नाय. इंजिन चालू होता. मगे चाकां कशी थांबली?"

हेच आमचे पप्पा. भांडणाच्या मधोमध त्यांना प्रश्न पडायचा.

पेद्रूने गाडी ओढून आपल्या घरी आणली, बाजूचं झाकण उघडलं आणि आम्हाला दाखवलं. आत दोन चकत्या होत्या, एक इंजिनाची, एक चाकांकडे जाणारी, आणि दोन्हींवर एक जाड रबरी पट्टा. गिअर नाहीत, साखळी नाही. सगळी ताकद त्या पट्ट्याच्या पकडीवर. पट्टा ओला झाला की इंजिनाची चकती नुसती फिरते आणि पट्टा घसरतो. झाकणाच्या तळाशी वाटीभर लाल पाणी होतं. चकत्यांवर मातीचा बारीक थर. पप्पांनी त्यावरून बोट फिरवलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं.

"पाटी पुसायच्या दगडासारखी आसा," ते म्हणाले. "ही माती सुकली काय पट्टो खातली."

मग तिथेच, पडवीत, पायांतून पाणी निथळत असताना त्यांनी पैज लावली. "पट्टो सुको रवलो तर मी हयच. भिजलो तर तुज्यावांगडा कणकवलीक. ह्या पावसातच ठरवया."

मी लगेच कबूल झाले. मला वाटलं, पाण्यातून जाणारी गाडी आणि कोरडा पट्टा, ही पैज मी न खेळताच जिंकले.

पेद्रूला हा स्वतःच्या बोटीवरच्या वर्षांचा अपमान वाटला असावा. त्याने झाकणाच्या कडेने खिडकीच्या काचांना लावतात ती चिकट लांबी भरली आणि पट्ट्याच्या त्या पेटीला वर जे दोन नळ होते त्यांत चिंध्या कोंबल्या. तळाचं बूच हरवलं होतं, तिथे एका बाटलीचं बूच ठोकलं. मुंगी शिरणार नाही असा बंदोबस्त. मग बागेतल्या चढावर नेऊन पाहिली, तर पाण्याचा थेंब नसतानाही अर्ध्या चढावर तोच जळका वास.

पप्पा काठी टेकत चढावर पोचले. त्यांनी गरम झाकणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे, तू तेचा नाक दाबलंस," ते पेद्रूला म्हणाले. "तेका श्वास घेवक नको?"

ते खरंच होतं. पट्टा फिरताना तापतो. एका नळाने गार हवा आत येते, दुसऱ्याने गरम हवा बाहेर जाते. पेटी बंद करून टाकली तर पट्टा शिजतो आणि उघडी ठेवली तर भिजतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोष्टीत रस वाटला. तोवर मी पैज म्हणून बघत होते. आता वाटायला लागलं, हवा जाऊ द्यायची आणि पाणी नाही, हे करायचं कसं? दर शनिवारी मी कॉलेज सुटल्यावर कट्ट्याची एसटी पकडायची. नवरा म्हणायचा, बापसाला बघायला चाललीस की गाडीला?

पेद्रूने दोन्ही नळांना प्लास्टिकचे पाइप जोडले आणि ते हँडलच्या उंचीपर्यंत वर नेऊन टोकं मागे वळवली. गाडीला दोन शिंगं आल्यासारखी दिसायला लागली. व्हाळापलीकडच्या मंदाकाकी डोक्यावर माशाची पाटी घेऊन जात होत्या. मालवणहून पहाटे मासे आणून त्या वाडीत विकायच्या. त्या थांबल्या.

"पेद्रू, माज्या माशार पाणी मारला काय मासो ताजो रवता," त्या म्हणाल्या. "तुज्या गाडयेक पाण्याचो येवढो राग कित्याक?"

"काकी, तुजो मासो मेलेलो आसा. माजी गाडी अजून जिती आसा."

मंदाकाकी इतक्या हसल्या की पाटी खाली उतरवावी लागली. मग त्याही काठावर बसल्या, बघायला.

गाडी पाण्यातून गेली आणि परत आली. घसरली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेद्रूने झाकण उघडलं, आणि तळाला पाणी होतंच. वाटीभर नाही, पळीभर. अजून थोडा वेळ पाण्यात राहिली असती तर पट्ट्यापर्यंत पोचलं असतं.

"पाइप पाण्याच्या इतके वर," पेद्रू म्हणाला. "मगे पाणी खयसून शिरता? माका कळणा नाय."

पावसाळ्यात आमच्या घरात एक विशिष्ट उजेड असतो. कौलांतल्या काचेतून येणारा, हिरवट, पाण्याखालून आल्यासारखा. त्या उजेडात आम्ही तिघं ती उघडी पेटी बघत बसलो होतो. गोठ्यातून गायीच्या रवंथाचा आवाज, चुलीवर पेजेचा वास. मी तांदळाचं पीठ चाळत होते आणि पिठाचा हात सहज झाकणाला लागला. पांढरा ठसा उठला. काळ्या प्लास्टिकवर स्वच्छ, बोटाच्या रेषा दिसतील असा. मी म्हणाले, "पेद्रू, आत सगळीकडे पीठ मारूया? पाणी जिथून येईल तिथे रेघ उठेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांकडे. मग सरळ चाळणच माझ्या हातातून घेतली.

इंजिन चालू केलं असतं तर पीठ उडून गेलं असतं, म्हणून गाडी दोरीने पाण्यात उतरवली. पट्टा काढून ठेवलेला. गाडी तिथे उभी राहिली, दोन शिंगं वर काढून, आणि आम्ही तिघं पावसात दोरी धरून. तो सांजांवाचा, सेंट जॉनच्या सणाचा आठवडा होता. पप्पा म्हणाले, "सांजांवाक लोक पाण्यात उड्यो मारतत. आमी गाडी मारतंव." ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच थट्टा करत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बाहेर काढून झाकण उघडलं तेव्हा आमच्या तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. पिठात दोन रेघा होत्या. एक खालच्या कडेने, बारीक. दुसरी मागच्या भिंतीवरून आलेली, बोटाएवढी रुंद, चिकट खळ झालेली. खालची लगेच समजली. झाकणाच्या खाचेत जी रबराची दोरी बसते तिच्याखाली शिरोड्याची वाळू होती. चार-दोन कण, पण पाण्याला तेवढी फट पुरते. पेद्रूने ती खाच दात घासायच्या ब्रशने आणि सुईने साफ केली. दुसरी रेघ मात्र एका अशा जागेतून येत होती जिथे हातही जात नव्हता आणि डोळाही.

ती गाठली पप्पांनी. दुधाच्या पावडरीच्या डब्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पेटवून त्यांनी धूर केला, डब्याला भोक पाडून नळी लावली आणि सायकलच्या पंपाने तो धूर एका पाइपातून पेटीत सोडला. दुसरा पाइप पेद्रूने तळहाताने दाबून धरला. मी गाडीखाली आडवी पडून बघत होते. पाठीखाली गार चिरे, तोंडावर मडगार्डची माती गळतेय. आधी काहीच नाही. मग इंजिनाच्या मागून, काळोखातून, एक निळसर धागा निघाला आणि हळूहळू माझ्याकडे यायला लागला.

"दिसला!" मी ओरडले. "पप्पा, दिसला! थंय, मागे, नळाच्या वाकणात!"

मी मालवणीत ओरडले होते. कॉलेजात इतकी वर्षं काढल्यावर माझी भाषा घरीसुद्धा अर्धी शहरी झाली होती. पप्पांनी पंप मारायचा थांबवून वाकून पाहिलं. मला की धुराला, कोण जाणे.

गरम हवा बाहेर नेणारा नळ पेटीला जिथे जोडला होता तिथे रबराचं एक वाकण होतं आणि ते मडगार्डला घासून घासून फाटलं होतं. वरून दिसायचं नाही. पाइप आभाळाएवढा उंच नेला असता तरी पाणी खाली, त्या फटीतून शिरत राहिलं असतं. कट्ट्याच्या गॅरेजात पेद्रूला मोटारीच्या रेडिएटरचं जुनं वाकण मिळालं. ते कापून बसवलं आणि दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. तळाला रबराचं बूच घातलं.

पुढच्या शनिवारी मंदाकाकींसकट सगळी वाडी व्हाळावर. गाडी गेली, आली, पुन्हा गेली, मधोमध उभी राहिली, पुन्हा आली. पेद्रूने झाकण उघडलं. आत कोरडं होतं. पप्पांनी पट्ट्यावर तळहात फिरवला आणि तो माझ्या गालाला लावून दाखवला. हात कोरडा आणि ऊबदार होता.

पैज मी हरले होते आणि मला आनंद झाला होता. एसटीत बसल्यावर मी त्याचा विचार करत राहिले. मला तर पट्टा भिजायला हवा होता. मग मी गाडीखाली पडून ते भोक एवढं का शोधलं? एखादी गोष्ट कशी चालते हे कळावं असं वाटायला लागलं की माणूस आपल्या बाजूचं राहत नाही, एवढंच म्हणता येईल.

मग जुलैच्या शेवटी पावसाने जोर धरला. शुक्रवारी फोन लागेना. पप्पांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी त्या घेऊन शनिवारी निघाले आणि व्हाळावर पोचले तेव्हा तो ओळखू येईना. आवाजच वेगळा होता, खालून, दगडांवर दगड घरंगळल्याचा. पलीकडच्या काठावर पप्पा छत्री घेऊन उभे होते. हातवारे करून सांगत होते, उद्या या, उद्या.

पेद्रू म्हणाला, "बाय, गोळयो दी. पट्टो सुको आसा, आता भय नाय." तो पँट दुमडून गाडीवर बसला. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक मी आणि त्याच्या बायकोने काठावरच्या आंब्याला गुंडाळून धरलं.

पट्टा घसरला नाही. इंजिन एकदाही चुकलं नाही. पण मध्यावर पोचायच्या आत ती फुगीर चाकं जमिनीवरून सुटली. गाडी तरंगायला लागली. कोरडी, चालू, चाकं फिरवत, ती अलगद आडवी झाली आणि प्रवाहाबरोबर निघाली.

"पेद्रू!" पप्पांचा आवाज त्या सगळ्या आवाजावरून आला. "सोड ती गाडी! फिर माघारी!"

त्यांनी छत्री टाकून दिली होती. ते पाण्यात उतरत होते. मंदाकाकींनी मागून त्यांचा शर्ट धरला आणि काठावर बसकण मारली. पेद्रूने उडी टाकली. दोर ताणला, माझ्या तळहातांची साल निघाली, आम्ही दोघी ओढत राहिलो. तो खाली जाऊन वर आला, पुन्हा खाली गेला आणि मग आमच्या काठावरच्या करंजीच्या मुळांना त्याचे हात लागले. गाडी खालच्या वळणावर दोन खडकांत अडकून बसली.

पलीकडे पप्पा चिखलात बसले होते. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. ते बराच वेळ उठले नाहीत.

रात्रीत पाणी उतरलं. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा चुकवून आम्ही गाडी काढायला गेलो, तर पप्पा व्हाळ ओलांडून येत होते. मंदाकाकींचा हात धरून, मांडीएवढ्या पाण्यातून. काकींच्या डोक्यावर आज माशाची पाटी नव्हती, पप्पांची पिशवी होती. गायी त्यांनी काकींकडे सोपवल्या होत्या. खुरसापुढे मेणबत्ती लावायचंही सांगून आले होते.

पेद्रूने खडकांत अडकलेल्या गाडीचं झाकण उघडलं. अख्खी रात्र ती तिथे होती, तरी पट्टा कोरडा होता. तो नुसता सरकला, पप्पांना दिसावं म्हणून.

पप्पांनी आत बघितलंच नाही. "माका म्हायत आसा," ते म्हणाले. "पैज मीच जिंकलंय. काल तू पाण्यात गेलंस, तेवा पयलो इचार माज्या मनात काय इलो सांगू? पट्टो टिकलो काय नाय." त्यांनी झाकण लोटून बंद केलं. "माजो झील पाण्यात, आणि मी पट्ट्याचो इचार करतंय. असला घर माका नको."

पेद्रूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ओला हात, ओला खांदा.

ते त्या दिवशी माझ्याबरोबर कणकवलीला आले. पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, जेवताना ताटाकडे बघायचे. विचारलं तर "बरा आसा" म्हणायचे. मला वाटायचं, माणूस आणला खरा, पण आणला का?

एका रविवारी मी त्यांना काहीतरी निमित्त काढून स्टेशनवर नेलं. फलाटावर पाऊस तिरका येत होता. तेवढ्यात एक लांबलचक मालगाडी येऊन थांबली. उघड्या डब्यांवर ओळीने ट्रक चढवलेले. पावसात चिंब, चाकांना लाकडी पाचरी मारलेले. ट्रकांच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसलेले होते. एक जण स्टोव्हवर चहा उकळत होता. पप्पा उठून उभे राहिले.

"आंजू, ह्यो ट्रक आगगाडयेर बसलेलो आसा!"

"हो पप्पा. रेल्वेने नेतात त्यांना."

ते फलाटाच्या कडेपर्यंत गेले, माझी छत्री मागे सोडून. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या पुस्तकी हिंदीत त्यांनी त्या ड्रायव्हरला विचारलं, "भाईसाहब, गाड़ी हिलती है तो क्या आप ब्रेक लगाकर रखते हैं?" ड्रायव्हर हसला. त्याने चहाचा ग्लास खिडकीतून बाहेर धरला आणि समजावून सांगायला लागला. ब्रेक, पाचरी, साखळदंड, बोगद्यात धुराने कसा खोकला येतो ते. पप्पा मान वर करून ऐकत होते. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

सिग्नल पडला, ट्रक हलले. शेवटचा डबा बोगद्याच्या दिशेने दिसेनासा झाल्यावर ते माझ्याकडे वळले. मी घरी जायला पिशवी उचलली होती.

"खंय चललंस?" ते म्हणाले. "दुसरी गाडी कितक्याक, ता विचारून ये. आपण थांबूया."